आवाज बारीक कर

गेल्या महिन्यात एका दुपारी मी संगणकातली सगळी गाणी, सहा हजारांच्या आसपास, एकदम निवडली आणि त्यांच्या आवाजाची नोंद पुसून टाकली. गाणी जागच्या जागी राहिली. गेले ते फक्त आकडे. तरी पुसण्याआधी दोन वेळा बोट थबकलं.

आवाजाचं मोजमाप आमच्या घरात फार जुनं. लालबागच्या चाळीतल्या खोलीत रेडिओचं बटण कुठवर फिरवायचं हे घड्याळ ठरवायचं. अण्णा गिरणीत साचे खात्यात होते. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, तेव्हा विविध भारती मुंगीच्या आवाजात. जागे असले की उलटं. शेकडो साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला रेडिओ मोठाच लागतो. साचे सुरू असताना माणसं एकमेकांशी ओठ आणि हात हलवून बोलायची, आणि तीच भाषा अण्णांनी घरी आणली. संध्याकाळी ‘कामगार सभा’ लागली की ते बटण उजवीकडे पिळायचे. आई स्टोव्हपाशी बसल्या बसल्या चिमटीने हवेत बटण उलटं फिरवल्यासारखं करायची : बारीक करा. चाळीत कुणाकडे सुतक असलं तर तेवढंही नाही. तेरा दिवस सेटवर भरतकामाचा रुमाल.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अण्णा दिवसभर घरी, तेही जागे. रेडिओ हवा तेवढा मोठा करायला आता कुणाची आडकाठी नव्हती. कुणी केला नाही.

मग कॅसेटी आल्या. दादरच्या एका दुकानात कागदावर गाण्यांची यादी द्यायची, नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, आठवड्याने भरलेली घ्यायची. एक गाणं जुन्या तबकडीवरून घेतलेलं, पुढचं नव्या कॅसेटवरून. त्यामुळे एक ऐकू येईना आणि दुसरं दचकवी. आमचा हात कायम बटणावर. पुढे सीडीच्या काळात नवी गाणी दर वर्षी आणखी मोठ्याने ओरडू लागली. जो मोठा तो चांगला वाटतो, हे दुकानदारांना कंपन्यांच्या आधीपासून माहीत होतं.

यावरचा इलाज मुलाने शोधला. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये सुचवलेली रीप्लेगेन नावाची पद्धत. गाणं किती मोठं वाटतं ते संगणक मोजतो आणि ८९ डेसिबलच्या ठरलेल्या पातळीला यायला किती वरखाली करावं लागेल तो आकडा फाइलच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. गाण्याला हात लावत नाही. पुस्तकात चिठ्ठी ठेवावी तसं. शिवाय गाण्यातलं सर्वांत उंच टोक किती, तेही टिपतो, म्हणजे आवाज चढवताना तो फाटणार नाही. पहिल्या खेपेला मुलाने प्रत्येक फाइल सुटी मोजली आणि किशोरीताईंच्या भूपाची पंचाईत झाली. विलंबित आणि ‘सहेला रे’ अशा दोन फाइली होत्या. दोन्ही एकाच उंचीवर. डोंगर सपाट करून रस्ता काढल्यासारखं. मग अल्बम धरून मोजायला लावलं, तेव्हा चढण परत आली.

सगळं पुसायची वेळ आली ती आईमुळे. संपाच्या आदल्या वर्षी आत्याच्या यजमानांनी दुबईहून टू-इन-वन आणला होता. हादग्याची गाणी मला शिकवताना मी आईला त्यात पकडलं होतं. ती लाजून स्टोव्हकडे तोंड करून गायली, त्यामुळे आवाज फार लांबचा. संगणकात त्या फाइलीशेजारी आकडा होता : अधिक १३.४. एवढं चढवलं तर ती आमच्यात येऊन बसेल. पण चढतच नव्हती. कारण सुरुवातीला मीच कळ दाबल्याचा ‘खट्ट’ आवाज होता आणि त्याचं टोक ०.९८ पर्यंत गेलेलं. एक म्हणजे छत. त्या खटक्यापायी प्लेअर आईला वर येऊ देत नव्हता. मी खटका कापून टाकला, तरी काही होईना. संगणकाला यथेच्छ शिव्या घातल्यावर लक्षात आलं, खटका गेला तरी त्याची नोंद चिठ्ठीत तशीच आहे. वीस वर्षांत अशा किती फाइली मी कापल्या, साफ केल्या, जोडल्या, चिठ्ठ्या जुन्याच. एकेक कुठे शोधणार? सगळ्याच काढल्या.

नव्याने मोजायच्या आधी एक संध्याकाळ तसंच ऐकलं. दादरच्या दुकानातलं सगळं जसंच्या तसं परत. हात आपोआप बटणावर.

मग रात्रभर मोजणी लावली. सकाळी आईच्या फाइलीपुढे टोक ०.२१. आता अडवायला कुणी नव्हतं. अण्णा शेजारीच चहा घेत होते. आता ते आमच्याकडे डोंबिवलीला असतात. कानाचं यंत्र कपाटात असतं. गिरणीच्या आवाजाने गेलेल्या कानातून वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, खालचे त्या मानाने टिकतात. आई बारीक, उंच गळ्याची. मी गाणं लावलं. टेपची खरखर वर आली, स्टोव्हची भरभर आली आणि त्यातून आई, अगदी हाताच्या अंतरावर. मी अण्णांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत राहिले.

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा आईच्या मागे, खूप खाली, एक लांबलचक घोगरा सूर उठला. इतकी वर्षं खरखरीच्या तळाशी असलेला. मी तो कधी ऐकलाच नव्हता. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“भोंगा,” ते म्हणाले. “दुपारपाळीचा.”