ताईचे बारा कॉल

पेन ड्राइव्हमध्ये ताईचे बारा कॉल होते. दाजींनी तिच्या नकळत रेकॉर्ड केलेले. रडणं, शिव्या, एकदा तर ‘मरते मी आता’. कौटुंबिक न्यायालयात त्यांनी ते पुरावा म्हणून दिले.

‘अगं, हे चालायचंच नाही!’ मी ताईला ठासून सांगितलं. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, हे मी मोबाइलवर वाचलं होतं.

तिच्या वकीलबाईंनी मला थांबवलं. १४ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की घटस्फोटाच्या दाव्यात असं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले, म्हणजे विश्वास आधीच तुटलेला असतो, असं न्यायालयाचं म्हणणं. असेल. पण इथे पाळत एकानेच ठेवली होती.

वकीलबाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या, मोफत. १९८७च्या कायद्याने बाईला असा वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे मला नाही, ताईच्या शेजारणीला माहीत होतं. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नसतो, परवानगी लागते. तीही बाईंनी काढली. मग त्यांनी मूळ फोन मागितला आणि अख्खे कॉल, कापलेले तुकडे नव्हेत.

‘पुरावा घेतला म्हणजे खरा धरला असं नाही,’ त्या ताईला म्हणाल्या.

पुढची तारीख महिन्याने आहे. ताई हल्ली फोनवर ‘हो’, ‘बरं’ एवढंच म्हणते. बाकीचं बोलायला एसटीने घरी येते.