प्रवाळाचा सांगाडा

सांगलीत हळदीच्या अडतीवर तीन पिढ्या बसलेल्या त्या घराचा समुद्राशी संबंध मिठापुरताच होता. धाकट्या मुलाने दिवाणखान्यात दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा आजीने एवढेच विचारले, "ह्यांना खायला काय घालणार?" त्या प्रश्नाला तेव्हा कोणी नीट उत्तर दिले नाही. खाद्याच्या डबीवर मत्स्यचूर्ण लिहिलेले असते, हे तिला पुढे कळलेच.

टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते आणि मधोमध फांद्याफांद्यांचे एक दगडी प्रवाळ. मे महिन्यात लग्नासाठी घर दोन दिवस बंद राहिले आणि नेमकी वीज गेली. परत आल्यावर पाण्याचे तापमान ३१ अंश भरले. अशा टाकीत प्रवाळाला २४ ते २६ अंश मानवतात. तपकिरी-हिरवे प्रवाळ पांढरेफटक पडले होते.

पांढरे पडणे म्हणजे मरणे नव्हे, ही गोष्ट मुलाला ठाऊक होती. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर तयार केलेले अन्न त्याला पुरवते. उष्णता वाढली की हे शैवाल निघून जाते. उरतो तो उपाशी, पण जिवंत जीव. वेळेवर निवारा मिळाला तर तो पुन्हा रंग धरू शकतो. मुलाने तापमान हळूहळू उतरवले, दिव्यांचा प्रकाश कमी केला आणि वाट पाहिली. नवव्या दिवशी फांद्यांवरचा नाजूक थर सालीसारखा सुटू लागला आणि पाण्याला कुजका वास येऊ लागला. आता शंका उरली नाही.

खरी घाई इथून होती. कुजणाऱ्या थरातून अमोनिया सुटतो आणि तो माशांचा जीव घेतो. त्याने नळीने तो थर खेचून काढला, दोन दिवसांत पाव हिस्सा पाणी बदलले आणि गाळणीत सक्रिय कोळसा घातला. नवे पाणीही लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून, त्याच तापमानाला आणून घातले. मासे वाचले.

आई म्हणाली, "त्या बिचाऱ्यांना रत्नागिरीला नेऊन समुद्रात सोडून द्या रे." भावना दयेचीच होती. पण टाकीतल्या माशासोबत टाकीतले रोगही समुद्रात जातात, आणि परका मासा तिथल्या जीवांवर संकट होतो. अटलांटिकमध्ये पोहोचलेल्या लायनफिशने तिकडच्या लहान माशांचा असाच फडशा पाडला आहे. मासे घरीच राहतील, नवे मात्र येणार नाहीत, असे ठरले. आजीच्या पहिल्या प्रश्नाला मिळालेले ते अर्धेमुर्धे उत्तर होते.

दीड महिना गेला. सांगाड्यावर हिरवट कळा चढू लागली. तो ब्लिचिंग पावडरीत बुडवून, उकळून, पांढराशुभ्र करून काचेच्या कपाटात ठेवावा, असे आत्याने सुचवले. उकळण्याला मुलाने साफ नकार दिला. अशा दगडांवर बटणांसारखे दिसणारे काही मऊ जीव वाढतात आणि त्यांच्यातील काहींत भयंकर विष असते. दगड उकळताना निघालेल्या वाफेने घरच्या घरी माणसे इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत.

ब्लिचिंग पावडरीचा बेत मोडला तो आजीमुळे. धान्य निवडण्यात आयुष्य गेलेली ती बाई आपले भिंग घेऊन टाकीपाशी बसली. सांगाड्याच्या एका छिद्रातून बारीक पिसाऱ्यासारखे काही बाहेर यायचे आणि सावली पडताच आत जायचे. फांद्यांच्या बेचक्यात पांढरे ठिपके सुळसुळत होते. "मेलंय म्हणता ना?" ती म्हणाली. "ह्यात तर वस्ती आहे." जुन्या ग्रंथांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायात होते, हे तिला पाठ होते. पण इथे प्रश्न प्रवाळाचा उरलाच नव्हता. त्याच्या आश्रयाला आलेल्या, हलत्या-चालत्या जीवांचा होता. सांगाडा पाण्याबाहेर काढला असता, तर घर स्वच्छ ठेवण्याच्या नावाखाली ती सारी वस्ती मेली असती.

अण्णांचा प्रश्न मात्र निराळा होता आणि तो व्यापाऱ्यालाच सुचावा असा होता. "ह्याची पावती कुठे आहे?"

पावती नव्हती. विकणाऱ्याने दिली नव्हती, मुलाने मागितली नव्हती. चौकशी केल्यावर कळले, की २००१ सालापासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला असलेले संरक्षण त्यांनाही आहे. त्यांची खरेदी-विक्रीही गुन्हा आणि सांगाडा बाळगणेही गुन्हा. अडतीच्या वहीत एक पोते बिनपावतीचे चढू न देणाऱ्या अण्णांच्या दिवाणखान्यात तो दिव्यांखाली मांडलेला होता.

मुलगा म्हणाला, "अण्णा, कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलंय की," अण्णा म्हणाले.

वन विभागाच्या नावे अर्ज लिहायला ते स्वतः बसले. कुठून, किती रुपयांना, केव्हा घेतले, सगळे मुलाला विचारून विचारून उतरवले. मुलगा मान खाली घालून सांगत होता. मध्येच उठून त्याने टाकीत रोजचे गोडे पाणी घातले; वाफ पाण्याचीच होते, मीठ मागे राहते, म्हणून ही भर गोड्या पाण्याची घालावी लागते. अर्ज वाचून दाखवला तेव्हा आजीने एक वाक्य वाढवायला लावले: सांगाडा ताब्यात घेताना कृपया खाऱ्या पाण्यातूनच न्यावा, त्यात जीव आहेत.