मधला थर

दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी मरोळ, साकीनाका, चारकोप, मुलुंड इथल्या औद्योगिक वसाहतींत दिव्यांच्या कामाची झुंबड उडते आणि माझ्या फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, ‘साहेब, प्लेट किती एमएमची देताय?’ प्लेट म्हणजे एमसीपीसीबी, धातूच्या गाभ्याचा सर्किट बोर्ड. एलईडी बल्बचं वरचं पांढरं टोपण काढलं की आत जी गोल पांढरी चकती दिसते, जिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके बसवलेले असतात, ती ही प्लेट. वर तांब्याचे मार्ग, खाली अ‍ॅल्युमिनियम. या चकत्या आखणं आणि त्यांच्यातून उष्णता कशी बाहेर पडेल याचा हिशेब मांडणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाला मी ‘एक एमएम’ किंवा ‘एक पॉइंट सहा’ असं उत्तर देतो खरा, पण त्याने विचारायला हवं असतं ते वेगळ्याच थराबद्दल.

आधी या चकतीची गरज का पडते ते पाहू. घरोघरचा जुना साठ वॅटचा बल्ब हात लावला तर चटका द्यायचा. पण त्याची उष्णता तो स्वतःच बाहेर टाकत असे. त्यातली तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापे आणि बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने काचेबाहेर निघून जाई. तापणं हेच त्याचं काम होतं. एलईडीची तऱ्हा उलटी. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतातच, म्हणून समोर हात धरला तर काही जाणवत नाही. नऊ वॅटच्या बल्बमधले साधारण तीन वॅट प्रकाश होऊन जातात आणि उरलेले सहा वॅट चिपच्या पोटात उष्णता होऊन अडकतात. त्यांना बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे चिपची पाठ. ही वाट अरुंद असली की चिप तापते, प्रकाश मंदावतो, वरच्या पिवळ्या फॉस्फरचा रंग बिघडतो आणि आयुष्य झपाट्याने घटतं. शेजारी ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर त्याची अवस्था आणखी वाईट. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं.

रेडिओपासून संगणकापर्यंत जो हिरवा बोर्ड आपण पाहतो तो काचतंतू आणि इपॉक्सीचा, त्याचं नाव एफआर-४. वीज अडवायला तो उत्तम, पण उष्णताही तितकीच अडवतो. हिशेब सोपा आहे. १.६ मिलिमीटर जाडीच्या या बोर्डाच्या एक चौरस सेंटीमीटर भागातून एक वॅट उष्णता आरपार न्यायची, तर दोन बाजूंच्या तापमानात पन्नास अंशांहून अधिक फरक पडतो. तितक्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हा फरक एका अंशाच्या आठव्या हिश्शाएवढा. मग सरळ अ‍ॅल्युमिनियमवरच सर्किट का काढू नये? कारण तांब्याचे मार्ग धातूवर टेकले की सगळंच शॉर्ट. मध्ये वीज अडवणारं काहीतरी घालावंच लागतं. ते म्हणजे मधला थर: शंभर मायक्रॉनच्या आसपास, वहीच्या एका कागदाएवढ्या जाडीचा, इपॉक्सीत सिरॅमिकची पूड कालवून केलेला.

या थराकडे आपण जे मागतो ते निसर्गाच्या कलाविरुद्ध आहे. वीज अडव आणि उष्णता जाऊ दे. धातूंमध्ये ही दोन्ही ओझी इलेक्ट्रॉनच वाहतात. जो धातू विजेला चांगला तो उष्णतेलाही चांगला, हे व्हीडेमान आणि फ्रांट्स या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ सालीच दाखवून दिलं. या जोडीला फोडणारे पदार्थ मोजके. हिरा त्यातला सर्वांत वरचा. वीज जाऊ देत नाही, पण उष्णता तांब्यापेक्षाही सहज नेतो, कारण त्याच्यात ती अणूंच्या जाळ्याच्या कंपनांतून पुढे सरकते. बल्बात हिरा घालणं परवडत नाही, म्हणून अ‍ॅल्युमिना, बोरॉन नायट्राइड, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड यांची पूड. पण पुडीचा कण कितीही गुणी असला तरी दोन कणांमध्ये इपॉक्सीची फट राहतेच आणि उष्णता तिथे अडखळते. अ‍ॅल्युमिनाची उष्णतावाहकता तीसच्या घरात (वॅट प्रति मीटर-केल्विन), पण थराची मोजली तर एक ते तीन भरते. पूड वाढवत गेलं की थर ठिसूळ होतो, तांब्याला नीट धरत नाही, त्यात पोकळ्या राहतात आणि नेमक्या त्या पोकळीतून उच्च दाबाची ठिणगी आरपार जाते. थर पातळ केला तर उष्णता सुटते, पण वीज अडवण्याची ताकद घटते. ही तडजोड नेमकी कुठे करायची, यातच बोर्डाचं सगळं कसब असतं.

आता गिऱ्हाइकाच्या मिलिमीटरकडे येऊ. एलईडीचं पाऊल प्लेटवर जेमतेम पाच चौरस मिलिमीटर जागेवर टेकतं. मधला थर शंभर मायक्रॉनचा आणि वाहकता एक असेल, तर तेवढ्या जागेतून एक वॅट जाताना वीस अंशांचा चढ लागतो. वाहकता तीन असेल तर सातही नाही. तांबं उष्णता थोडी आडवी पसरवतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जरा कमी येतात, पण दोघांमधलं अंतर तसंच राहतं. खालचं अ‍ॅल्युमिनियम एकाचं दोन मिलिमीटर केलं तर या वीस अंशांतून जेमतेम काही सुटतं. घाटकोपरला सकाळी मेट्रोतून उतरून लोकल गाठणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. प्लॅटफॉर्म कितीही रुंद असो, वेळ जातो तो मधल्या जिन्यावर. तरी बाजारात भाव प्लेटच्या जाडीवर आणि वजनावर ठरतो, कारण जाडी कॅलिपरने मोजता येते आणि वजन काट्यावर दिसतं. मधल्या थराच्या वाहकतेबद्दल कागदावर फक्त ‘दोन वॅट’ असं छापलेलं असतं आणि ते कुणी, कशावर मोजलं हे विचारायची पद्धत नाही.

न दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष करायची ही खोड फक्त गाळ्यांपुरती नाही. २०१५ साली मरिन ड्राइव्हवरचे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा ‘क्वीन्स नेकलेस’चा पिवळा रंग गेला म्हणून शहरभर गहजब झाला. पुढे पिवळसर छटेचे दिवे आले. ती चर्चा हवीच होती, रस्त्याचा रंग हा नागरिकांचाच विषय आहे. पण त्या छटेची एक किंमत असते. निळ्या चिपच्या प्रकाशाचं पिवळसर रूपांतर जितकं जास्त, तितका फॉस्फरमध्ये तोटा जास्त, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी थोडी अधिक वीज आणि थोडी अधिक उष्णता. ती उष्णता समुद्राच्या खाऱ्या हवेत, बंद खोक्यातून बाहेर कशी जाणार, यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही.

त्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, स्वस्त एलईडी बल्ब वाटण्याची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत आदल्या वर्षी तीनशे रुपयांच्या वर असलेला एलईडी बल्ब दोनेक वर्षांत चाळीसच्या खाली आला आणि देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. मोठ्या संख्येने भाव उतरतात ते उघड आहे आणि त्यातून झालेली विजेची बचतही खरी. पण खुल्या बाजारात त्या भावाशी टक्कर देणाऱ्यांनी काय काय कापलं ते आम्हाला ऑर्डरीतून कळत गेलं. आधी अ‍ॅल्युमिनियम पातळ झालं, मग तांबं, मग बल्बचं धातूचं आवरण जाऊन प्लास्टिक आलं. शेवटी वेगळा ड्रायव्हरच गेला आणि त्याचे भाग एलईडीच्याच प्लेटवर येऊन बसले. याला धंद्यात डीओबी म्हणतात, ड्रायव्हर ऑन बोर्ड. अशा बल्बात घरातली २३० व्होल्टची वीज, म्हणजे शिखरावर सुमारे ३२५ व्होल्ट, थेट प्लेटवर खेळते. तिच्यात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये उभा असतो तो फक्त मधला थर. तिथे दोन पैसे वाचवणं म्हणजे विम्याचा हप्ता चुकवणं.

नाक्यावरचा रिपेअरवाला गेलेला बल्ब उघडून ज्या एलईडीवर काळा ठिपका पडलाय तो शोधतो आणि सोल्डरचा थेंब टाकून त्याला वळसा देतो. दहा रुपयांत बल्ब पेटतो. पण साध्या डीओबीमध्ये उरलेलं व्होल्टेज प्रवाह सांभाळणाऱ्या छोट्या आयसीवर जाऊन पडतं, ती आयसी जास्त तापते आणि तिची उष्णता पुन्हा त्याच प्लेटवर. वर टोपण न लावता बल्ब तसाच होल्डरमध्ये चढवला तर उघड्या सर्किटला मेन्सची वीज असते. घरी कुणी असं करत असेल तर त्याला थांबवा.

सर्किट बोर्ड बनवणं ही उपनगरांची जुनी विद्या. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं. त्याच्या इंग्रजी नावातच इलेक्ट्रॉनिक्स आहे. हिऱ्या-दागिन्यांचं काम तिथे नंतर आलं. फाइन-लाइन सर्किट्ससारख्या कंपन्यांनी तिथून परदेशी गिऱ्हाइकांसाठी बोर्ड बनवले. आणि सीप्झच्या कुंपणाबाहेर, मरोळ एमआयडीसीपासून मुलुंडपर्यंत, लहान गाळ्यांची एक अख्खी साखळी वाढली: कुणी फिल्म काढतं, कुणी एचिंग, कुणी पंचिंग, कुणी असेंब्ली.

धातूच्या बोर्डाने या जुन्या हातांनाही नवीन धडे दिले. तांबं खाणारं फेरिक क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवर तर तुटूनच पडतं. म्हणून पत्र्याच्या पाठीवर संरक्षक फिल्म लागते आणि ती एका कडेला जरी फाटली तरी टाकीत फेस येऊन द्रावण उकळायला लागतं. हिरव्या बोर्डावर सुरळीत चालणारी ड्रिल इथे अ‍ॅल्युमिनियमच्या चिकट बुरात अडकते. पंच केलेल्या कडेला बर (धातूची धारदार कोर) उरली आणि तांब्याचा मार्ग कडेच्या फार जवळ असला, तर दीड-दोन हजार व्होल्टच्या हाय-पॉट, म्हणजे वीजरोधाच्या, चाचणीत ठिणगी उडते. जुलैमध्ये तर चाचणीचे आकडेच बदलतात. इपॉक्सी हवेतली ओल शोषते, गळती वाढते आणि तसाच दमट बोर्ड अडीचशे अंशांच्या रिफ्लो भट्टीतून गेला की आतली वाफ थराला फुगे आणते. म्हणून पावसाळ्यात सोल्डरिंगआधी बोर्ड काही तास ओव्हनमध्ये भाजून घ्यायचे, ही शिस्त ज्या गाळ्यात पाळली जाते तिथला माल परत येत नाही. हाताने सोल्डर करणाऱ्याचीही पंचाईत होते. सोल्डरिंग आयर्नची उष्णता प्लेट लगेच ओढून घेते आणि कथील वितळतच नाही. त्याला खालून हॉट प्लेटने सगळा बोर्ड तापवावा लागतो. ही अडचण खरं तर बोर्ड चांगला असल्याची खूण.

बोर्ड चांगला असला तरी काम तिथे संपत नाही. प्लेटच्या मागे थर्मल पेस्ट, तिच्या मागे हाउसिंग आणि शेवटी हवा. सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. पण बल्बला वेधशाळेची हवा मिळत नाही, त्याला पीओपीच्या फॉल्स सीलिंगमागची कोंडलेली हवा मिळते आणि ती खोलीपेक्षा कितीतरी गरम असते. प्लेट आणि हाउसिंग यांच्यामध्ये हवेची फट राहिली, किंवा पेस्ट न लावता नुसता स्क्रू आवळला, तर महाग प्लेटचा सगळा फायदा त्या फटीत जिरतो. दिवाळीत कंदिलात लावायचा बल्ब कमी वॅटचा घ्या आणि कंदिलाला वरून उघडीक ठेवा. कागद जळण्याची भीती जुन्या बल्बइतकी नाही, पण बल्ब पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल.

हेच तंत्र आता दिव्यांच्या पुढे गेलं आहे. ई-स्कूटर आणि ई-रिक्षांच्या अनेक कंट्रोलरमध्ये वीज चालू-बंद करणारे मॉसफेट अ‍ॅल्युमिनियमच्या बोर्डावर बसतात. आपल्या लोकलच्या थ्री-फेज गाड्यांत मोटरला वीज पुरवणारे आयजीबीटी मॉड्यूल असतात. तिथला दाब आणि प्रवाह इतका मोठा, की इपॉक्सीचा थर चालत नाही, सिरॅमिकच्या पातळ फरशीवर तांबं चिकटवतात. वापरणारा वेगळा, पण मागणी तीच: वीज थांबव, उष्णता सोड.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पीसीबी तिच्यात आहेत. पण आपण बोर्ड ‘बनवतो’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा बाहेरून आलेला तयार पत्रा कोरतो. तांबं, मधला थर आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र दाबलेला हा पत्रा मुख्यतः चीनमधून येतो. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम आपल्याला नवं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरांत बॉक्साइट आहे आणि बेळगावला हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. म्हणजे थरातल्या पुडीचा मूळ पदार्थही घराजवळचा. रेझिन आणि रंगांची विद्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत कित्येक दशकांपासून शिकवली जाते. तिथले विद्यार्थी रंग आणि चिकटद्रव्यांच्या कंपन्यांत जातात. अंधेरीच्या बोर्डवाल्याची आणि त्यांची गाठ मात्र पडत नाही. बोर्डवाला स्वतःला इलेक्ट्रॉनिक्सवाला समजतो, आणि त्याच्या मालाचं खरं मोल ठरतं ते रसायनात.

थराची उष्णतावाहकता मोजायचं यंत्र, हाय-पॉट टेस्टर आणि दमट हवेची चाचणीपेटी यांचा खर्च एका गाळ्याला झेपणारा नाही, दहा गाळ्यांना झेपेल. औद्योगिक वसाहतींच्या सहकारी संस्था पाण्याची टाकी आणि लिफ्ट सामाईक चालवतातच. त्यात एका खोलीची भर घालावी आणि त्या खोलीत माटुंग्याचा एखादा रेझिनवाला बसवावा. पहिलं काम त्याला एवढंच द्यायचं: बाजारातल्या पत्र्यांवर छापलेल्या ‘दोन वॅट’मधले खरे किती, ते मोजून भिंतीवर लावायचं. आकडे दिसले की भाव कशाचा करायचा हे बाजाराला वेगळं शिकवावं लागणार नाही.