विचारलं तर देऊ ना, बापू!

लोहारा, यवतमाळ

प्रिय बापू,

रविवारी फोनवर तू जे बोललास, त्याचं उत्तर तिथल्या तिथं द्यायला पाहिजे होतं. पण मागे पोरांचा गलका चालला होता, आणि भावजयीच्या देखत तुला झापणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे पत्र.

काय म्हणालास? "ताई, इथं लोक शाळेच्या इमारतीसाठी मत देऊन स्वतःवर कर लावून घेतात. आपल्या लोहाऱ्यात एक तरी माणूस खिशात हात घालील का?"

तुझ्या कॅलिफोर्नियाची रीत मी नीट समजून घेतली, बरं का. शाळा मंडळ कामांची यादी काढतं आणि कर्जरोखे काढायची परवानगी मतदारांकडे मागतं. पूर्वी त्याला दोन तृतीयांश मतं लागायची. नोव्हेंबर 2000 मध्ये लोकांनीच मत देऊन ती अट 55 टक्क्यांवर आणली. रोखे विकले की पैसा लगेच हातात येतो आणि घरादारावरच्या करातून तो वर्षानुवर्षं फिटत राहतो. त्यातून शिक्षकांचे पगार करता येत नाहीत. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, आणि खर्चावर नजर ठेवायला पालक, व्यापारी, म्हातारी माणसं अशा सगळ्यांची समिती बसवावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये तर अख्ख्या राज्यानं शाळा-कॉलेजांसाठी 10 अब्ज डॉलरच्या रोख्यांना होकार दिला. त्यात एक मत माझ्या भावाचं होतं, याचं मला कौतुकच आहे.

पण ते "खिशात हात घालील का" लागलं रे मनाला.

घरपट्टीचं बिल समोर घेऊन बसले आहे. लोहारा यवतमाळ नगरपरिषदेत गेलं तेव्हापासून बिलही शहराचं झालं. मालमत्ता कर, वृक्ष कर आणि त्यांच्याच रांगेत शिक्षण कर. 1962 च्या कायद्यानं तो शहरातल्या घरांवर बसला. वसूल नगरपरिषद करते, रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. तुझे भाऊजी आयकर भरतात, त्यावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आणखी वेगळा. म्हणजे देतो की आम्ही! फक्त देण्याआधी कोणी विचारत नाही, आणि दिल्यावर त्या पैशातून कुठल्या शाळेचं छत झालं ते कोणी सांगत नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दुसरं काय गाऱ्हाणं मांडलं होतं? महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला.

आणि शाळेसाठी कर सोसणं वऱ्हाडाला तू शिकवणार? पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा सार्वजनिक करात वाढ करून त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बाबा हे किती वेळा सांगायचे! "आपले भाऊसाहेब" म्हणायचे, जसे काही रोज आपल्याच ओसरीवर येऊन बसत होते.

बाबांवरून आठवलं. ती ग्रामसभा तुला आठवते का? झेंडावंदन झालं होतं, आणि तू चिवड्याच्या आशेनं बाबांचा सदरा धरून बसला होतास. वाद होता सभामंडप आधी की शाळेची खोली आधी. आपल्या शाळेची कवेलू फुटलेली. पाऊस लागला की तिसरी-चौथी एकाच खोलीत, आणि तू हटकून माझ्या दप्तरावर बसायचास. बाबांनी खोलीसाठी हात वर केला आणि मोजणी संपली तरी खाली घेतला नाही. सभामंडप जिंकला. रात्री भाकर मोडता मोडता ते आईला म्हणाले, "हरलो. पण इचारलं त खरं."

आता आमच्या वाट्याला तेवढंही राहिलं नाही. शहरात आलो आणि ग्रामसभा गेली. कोरम नाही म्हणून तहकूब व्हायची, भांडणं व्हायची, सगळं खरं. पण हात वर करायची एक जागा होती. उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया. यंदा मीही आहे तिच्यावर. शाळेचा विकास आराखडा आम्हीच करायचा असतो आणि आम्ही तो मन लावून करतो. पैसा किती? 101 ते 250 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला 50 हजार. त्यात खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. छताचं काम आराखड्यात राहतं आणि आराखडा फायलीत.

तरी तुमची रीत जशीच्या तशी इथं नको, बापू. जिथली घरं महाग तिथली शाळा देखणी, हा तिचा दोष तुलाही माहीत असेल. झरी जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर कुठल्या घराच्या करातून रोखे फेडायचे? तिथं सरकारनंच पैसा घातला पाहिजे. आणि नुसत्या रोख्यांनी काय होतं? पुणे महापालिकेनं 2017 मध्ये पाणीयोजनेसाठी 200 कोटींचे काढलेच की. पुणेकरांचं मत कोणी घेतलं?

मला तुमच्याकडचं एवढंच हवं आहे: आधी विचारणं आणि नंतर हिशेब देणं.

तू म्हणालास, आई-बाबांच्या नावानं एक खोली बांधून देतो. तुझ्या मनात आलं, यातच मला सगळं मिळालं. पण तू आता तिकडचा नागरिक, परदेशी देणगीचा कायदा आडवा येऊ शकतो, ते एक. दुसरं म्हणजे, देणगी देणाऱ्याची पाटी लागते आणि वर्षानुवर्षं कर भरणारा पाटीखाली हात जोडून उभा राहतो. बाबांना हे रुचलं असतं का, तूच सांग.

त्यापेक्षा दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस मला दे. आपण पालकसभा बोलावू. तुमची ती खर्च तपासणारी समिती कशी बसते, कोणते कागद मागते, कोणाला जाब विचारते, हे आपल्या बोलीत सगळ्यांना सांग. मग कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि ठेकेदार शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहायचा ठराव मी मांडते. तुझ्या गावाला खोलीची गरज आहेच. पण हिशेब मागायची सवय लागली, तर ती खोली आमच्याच पैशातून उभी राहील.

तुझी,
ताई