खांदा

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा द्यायला उजवा हात वर केला आणि तो मधेच अडकला. खांद्यात सुरी फिरवल्यासारखं झालं. मग डाव्या हाताने घोषणा दिल्या. शेजारचा दोस्त हसला, "काय रे, डावखुरा कधी झालास?" मीही हसलो. पण सहा महिने हे चाललं होतं. रात्री उजव्या कुशीवर वळलं की ठणका. कुणाला बोललो नव्हतो. आपल्यात दुखणं सांगायची रीत नाही, गिळायची आहे.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर आहे. क्रील डोक्याच्या वर. तिथं रोव्हिंगच्या बॉबिनी टांगलेल्या. रिकामी काढायची, भरलेली चढवायची. तीन वर्षं हेच. सूत मोजायला यंत्र आहे, हात किती वेळा वर गेला ते मोजायला नाही.

माझा पणजोबाही मुंबईत रिंगखात्यातच होता. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं, म्हणून आपल्या माणसाला तिथं मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आजोबाचं काम १९८२ च्या संपात गेलं. आणि मी फिरून रिंगखात्यात. म्हणून हे दुखणं मी माझ्या एकट्याचं समजत नाही.

उपाय सगळे केले. ते सांगतो, कारण तुमच्यातही हमाल आहेत, रंगारी आहेत, झाडू मारणारे आहेत.

पहिला उपाय आईचा. लसूण घालून कडवलेलं तेल. "आरं, दगडावानी झालाय की खांदा," म्हणत ती चोळायची. झोप लागायची. सकाळी पाळीवर गेलं की पुन्हा तेच. आईच्या हाताला नाव ठेवत नाही. पण चोळण्याने घटकाभर आराम पडतो, खांद्याला बळ येत नाही.

दुसरा उपाय मशीनचा. विम्याच्या दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि दहा दिवस शेक लिहून दिला. गार मलम लावून वरून मशीनचं डोकं फिरवायचं, मग करंटच्या पट्ट्या. पडून राहायचं. रोज अर्धा दिवस रांगेत. चार दिवस गेलो, चार खाडे पडले, सोडून दिलं. खाजगीत गेलो तर एका सिटिंगचे तीनशे. तिथंही तेच मशीन, फक्त पंखा चालू. कुठंच कुणी विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस?

ते विचारलं आमच्या वस्तीतल्या एका ताईने. ती फिजिओथेरपी शिकली आहे. तिने हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, मग कागदावर चित्र काढलं. म्हणाली, "खांद्याची वाटी उथळ असते. चार छोटे स्नायू हाताचा गोळा त्या वाटीत धरून ठेवतात. तुझे ते थकलेत. त्यांना झोपवून भागणार नाही, हळूहळू कामाला लावावं लागेल." आधी भिंतीला मूठ टेकून नुसता दाब. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीला बांधून ओढणं. मग पाण्याची बाटली उचलणं. थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं पाहिजे. नाही शमलं तर कमी करायचं. तीन महिने धीर धर, म्हणाली.

मी म्हटलं, ताई, मला दहा सिटिंग परवडत नाहीत. तेव्हा तिने इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं. तो २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. असाच खांदा दुखणारी ७०८ माणसं. काहींना सहापर्यंत सिटिंग देऊन व्यायाम वाढवत नेला. काहींना एकदाच नीट बसवून समजावलं आणि घरी करायला व्यायाम दिला. वर्षभरात दोन्हीकडचा गुण जवळजवळ सारखाच. काहींना इंजेक्शनही दिलं होतं. त्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांपुरता, तोही थोडाच.

दोस्तांनो, हे ऐकून मला आनंद झाला आणि रागही आला. म्हणजे मला लागत होतं ते मशीन नव्हतं. एक तास लागत होता. माझ्याशी माणसासारखं बोलणारं, कागदावर चित्र काढून दाखवणारं कुणीतरी लागत होतं. विम्यात पात्र कामगाराला डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणात ७० टक्के पगार मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हेही मला ताईनेच सांगितलं. पगारातून कापून घेताना कुणी बोललं नव्हतं.

प्रत्येक खांदा असाच बरा होतो असं नाही. पडून हात उचलेनासा झाला, मुंग्या येऊ लागल्या, ताप आला, तर थेट डॉक्टर. साखर असलेल्याचा खांदा आखडून बसतो, त्याचं वेगळं. म्हणून आधी जाणत्याला दाखवा, मग ट्यूब बांधा.

तीन महिने झाले. हात आता कानाच्या वर जातो. झोप लागते. पण क्रील जिथं होतं तिथंच आहे. ताईच म्हणाली होती, उभं राहायला पायाखाली पाट घे, काम आलटून पालटून कर. मी खोक्याची फळी ठोकून पाट केला. दुसऱ्या दिवशी तो गायब. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "खांदा तुझा, जागा मालकाची."

मग खात्यात विचारत फिरलो. आमच्या पाळीतल्या अकराजणांपैकी सातजणांचा खांदा दुखतो. सगळे गिळून होते. प्रत्येकाला भिंतीचा व्यायाम शिकवला. जेवणाच्या सुट्टीत सातजण भिंतीला मुठी टेकून उभे राहतो, येणारे जाणारे हसतात. पाटासाठी अर्ज मी लिहिला, सातांनी सह्या केल्या. दोघांचे अंगठे आहेत.

अर्ज ऑफिसात पडून आहे. सोमवारी उत्तर विचारायला सगळे मिळून जाणार आहोत.