पुस्तक वाचलं की खेळलं?

पहिल्या कोऱ्या पानावर 'अभिप्रायार्थ सप्रेम' असं लिहिलेलं पुस्तक आलं की त्या 'सप्रेम'चं ओझं होतं. म्हणून वहीत पहिली नोंद हीच करतो: प्रत विकत घेतली की भेट आली, आणि भेट आली असेल तर कोणाकडून. परीक्षण छापायला देतानाही ही ओळ सगळ्यांत वर ठेवतो. पुढचं वाचण्याआधी वाचकाला ती कळली पाहिजे.

*

मी परीक्षणं लिहितो ती पुस्तकं टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांची. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात, गोष्ट सगळे मिळून बोलत-बोलत रचतात, आणि पुस्तक तिचे नियम देतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली निघालं, तेव्हा पहिल्या छपाईत हजारच संच होते. आज छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यात, भाजीमंडईच्या अलीकडे एका माडीवर, आम्ही पाच जण रविवारी रात्री जमतो. मराठीत या पुस्तकांवर लिहिणारे अगदी थोडे. एखाद्याने आपलं परीक्षण वाचून पैसे खर्च केले आणि ते वाया गेले, तर त्याला दुसरं मत शोधायला जागा नाही. याची मला काळजी वाटते.

*

'ड्रेड', २००५ सालचं. भयकथांचा खेळ. फासे नाहीत. टेबलावर मधोमध जेंगाचा मनोरा, ५४ लाकडी ठोकळ्यांचा. पात्राला काही अवघड करायचं असलं की खेळणाऱ्याने खालचा एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की पाडणाऱ्याचं पात्र गोष्टीतून गेलं. वाचून झाल्यावर वहीत लिहिलं होतं: 'एकच युक्ती, तीही दुसऱ्या खेळातून उचललेली. एवढ्यासाठी अख्खं पुस्तक?'

मग खेळलो. आमच्यात जी एरवी सगळ्यांत जास्त बोलते, ती ठोकळ्याला बोट लावून गप्प बसली होती. तिच्या पात्राला तळघराचं दार उघडायचं होतं. ठोकळा अर्धा बाहेर आला आणि वरचे सगळे थर किंचित कलले. पंखा आम्ही आधीच बंद केला होता. खालून एक रिक्षा धडधडत गेली, तेवढ्यानेही पाची जणांचे श्वास अडकले. वाचताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. वहीतली ती ओळ मी खोडली.

थोड्या वेळाने मनोरा पडला, तो मात्र कोणाचा हात नसताना. पाहिलं तर टेबलाचा एक पाय आखूड. त्या रात्रीची गोष्ट तिथेच विस्कटली आणि दोघं नाराज होऊन घरी गेले. ती नाराजी पुस्तकाच्या खात्यावर टाकणं अन्याय झाला असता. पायाखाली कागदाची घडी सरकवली, पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. परीक्षणात दोन्ही रात्री लिहिल्या, टेबलाच्या पायासकट.

*

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. मापं वाटी-चमच्याची. ते नुसतं वाचून कोणी मत दिलं असतं तर घरोघरच्या बायकांनी एकच विचारलं असतं, 'करून पाहिलंत का?' खेळाच्या पुस्तकालाही हाच प्रश्न लागू. न खेळता लिहायचं असेल तर जरूर लिहावं, पण त्याला 'परिचय' म्हणावं. 'परीक्षण' हा शब्द तिथे वापरू नये.

*

वस्तुनिष्ठ काय, ते वेगळं काढून ठेवतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या 'प्लेअर्स हँडबुक'ची पानं ३२०. शेवटची सूची अतिशय बारीक टायपात, आणि एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे पिटाळणारी. चौघं ताटकळत बसलेले असताना सूत्रधाराला नियम सापडत नाही, हा दोष माझ्या आवडीनिवडीचा नाही. कोणीही पुस्तक उघडून पडताळून पाहावं. मला राक्षसांशी लढाया कंटाळवाण्या वाटतात, ही मात्र माझी आवड. ती सांगायची, लपवायची नाही, पण दोषांच्या यादीत घालायची नाही.

*

याच शहरात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं. दलित लेखनाला प्रस्थापित समीक्षेची मापं लावली जात होती आणि ती मापंच अपुरी होती, हे त्या पिढीने मराठीला ऐकवलं. ते दुःख आणि आमचा खेळ यांची तुलना मी करणार नाही. पण समीक्षा करताना माप कुठून आणलं हे आधी तपासायचं, हे मी तिथूनच शिकलो. 'ड्रेड'ला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं माप लावून मी पहिली ओळ लिहिली होती. चूक तिथे होती.

*

रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या दारात उभं राहून त्यांनी स्तुतीपेक्षा इतिहासाची चिकित्साच जास्त केली. देसाईंनी ती छापली. दोघांचाही मोठेपणा.

*

एका प्रकाशकाने फुकट प्रत पाठवली आणि मजकूर छापण्याआधी दाखवा म्हणाला. दाखवला नाही. तथ्यांची काही चूक असेल तर छापल्यावर कळवा, दुरुस्ती छापू, एवढं उत्तर दिलं. पुढची प्रत आली नाही. तेव्हापासून वर्गणी काढून पुस्तक घेतो, पाचांत एक. पैसे स्वतःचे गेले की लिहिताना हात मोकळा राहतो, पण राग जास्त येतो. त्या रागावरही लक्ष ठेवावं लागतं.

*

मित्राच्या पुस्तकावर लिहीत नाही. त्याने विचारलं तर घरी बसून सगळं सांगतो, अगदी पान क्रमांकासह.

*

पुढचं पुस्तक 'फियास्को', २००९ सालचं. सूत्रधारच नाही, सगळे सारखेच. प्रत्येकी चार फासे, दोन रंगांत. या वेळी आम्ही चौघं आहोत, म्हणजे सोळा: आठ पांढरे, आठ काळे. वाचून झालं आहे, मत अजून नाही. किमान दोन बैठका झाल्याशिवाय त्यावर एक ओळही छापायला देणार नाही.