अब्बा-अम्मींचा हिवाळी मुक्काम

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसासाठी आपल्या समाजात दोनच प्रवास ठरलेले असतात. ऐपत असेल तर हज-उमरा, आणि आजारपण आलं तर शहरातला दवाखाना. या दोहोंच्या मधला, मनाला वाटलं म्हणून केलेला प्रवास आपल्या हिशेबातच नसतो. गेल्या जानेवारीत आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो केला, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. घर वळसंगला, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. अब्बा एसटीत चालक होते. ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, त्याला आता आठ वर्षं झाली. एसटीत 'मुक्कामी गाडी' असते. संध्याकाळी आडगावी पोहोचायचं, रात्री तिथंच थांबायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं. अशा कितीतरी रात्री अब्बांनी गाडीतच अंथरूण टाकून काढल्या. अर्धा महाराष्ट्र त्यांनी पाहिला, पण काचेतून. आणि अम्मींनी तर तेवढाही पाहिला नाही.

आपल्याकडची थंडी काही निफाडसारखी नसते, पण कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत फजरच्या वुजूला अम्मींचे गुडघे आखडतात. एके दिवशी अब्बा म्हणाले, "रत्नागिरीकडे या दिवसांत उबदार असतं. आपली ओम्नी आहे. दहा दिवस गाडीतच मुक्काम करत फिरून येतो." आम्ही म्हणालो, "सुट्टी टाकतो, आम्हीही येतो." अब्बा हसले. "तुम साथ आए, तो हम फिर घर में ही रहे ना!"

नातेवाइकांना हे रुचलं नाही. या वयात तस्बीह घेऊन बसायचं की गाडीत झोपायचं? लोक म्हणतील, मुलांनी घराबाहेर काढलं. हे साहेबलोकांचे शौक, आपले नव्हेत.

साहेबलोकांचा हा शौक आहे तरी काय, ते आम्ही वाचून काढलं. अमेरिका-कॅनडातले हजारो निवृत्त लोक बर्फाचे महिने चुकवायला घरासारख्या गाड्या घेऊन दक्षिणेकडे उतरतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येतं. आणि याच गावात एका हाजीची कबर आहे! अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, तेव्हा १८५६ मध्ये त्यांच्यासोबत उस्मानी साम्राज्यातून हाजी अली नावाचा उंटवाला आला. तिथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'हाय जॉली' झालं. १९०२ मध्ये तो वारला. १९३५ मध्ये त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधला गेला, वर धातूचा उंट बसवला. दर हिवाळ्यात जिथं या गाड्यांचा मेळा भरतो, तिथं एक हाजी झोपला आहे. हे ऐकून आमचे मामू गप्प झाले.

आपल्या राज्यातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. पाणी, वीज, शौचालय असलेल्या तळांची कल्पना त्यात आहे. पण असे तळ अजून सगळीकडे नाहीत, आणि तयार कॅराव्हॅनचं भाडं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून ओम्नीची मागची सीट दुमडून दोन फळ्या आणि गादी टाकली. कापाकापी केली नाही, कारण गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. पंचावन्नच्या पुढे वाहन परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, तो तपासला. डोळे आणि रक्तदाब तपासून घेतला. लहान शेगडी दिली, पण स्वयंपाक गाडीबाहेरच करायचा असं ठरलं. बंद गाडीत शेगडी पेटवणं जिवावर बेतू शकतं. झोपताना काच थोडी उघडी आणि आतून मच्छरदाणी.

सर्वांत अवघड प्रश्न अम्मींनी विचारला : "बाथरूमचं काय?" पुरुषमाणसं प्रवास ठरवताना हा प्रश्न विसरतात. तोड अशी निघाली की उघड्या किनाऱ्यावर मुक्काम करायचाच नाही. संध्याकाळी एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावायची, न्हाणीघर-शौचालयाचे पैसे द्यायचे आणि झोपायचं गाडीत.

वळसंग ते रत्नागिरी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर. अब्बांनी ते दोन दिवसांत केले. पहिली रात्र मिरजेत नातेवाइकांकडे, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरवरून आंबा घाट, तोही उजेडात. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी होतीच. घाट उतरून गेल्यावर फोन आला, तोवर आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढचे आठ दिवस रोज मगरिबनंतर फोन यायचा. अब्बा सांगायचे, इथं अस्रची अजान आपल्यापेक्षा बरीच लवकर होते. कोकणातले मुसलमान शाफई, आपण हनफी. फजरच्या नमाजमध्ये ते कुनूत पढतात. प्रवासात नमाज कसर करण्याची सवलत अब्बांनी नोकरीत अनेकदा घेतली होती, पण अम्मींना ती पहिल्यांदाच मिळाली. "चारच्या दोन रकात. अल्लाहनं मुसाफिराचा किती विचार केलाय," असं त्या म्हणाल्या. घरी दखनी बोलणाऱ्या अम्मींनी अंगणवाल्या बाईंशी मराठीत दोस्ती केली आणि सांदणं शिकून घेतली. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं गेलं नाही, पण सकाळचं आखडणं कमी झालं. गाडीत अब्बांना पाय दुमडून झोपावं लागे, आणि दोन रात्री डासांनी झोपू दिलं नाही, हेही सांगायला हवं.

इकडे आमच्या घराचं चित्र वेगळं होतं. मुलांना शाळेत सोडणं, डबे, दूध, दळण, गॅसवाला, सगळं अब्बा-अम्मींच्या हातून होत होतं. 'या वयात कुठं जाता' या वाक्यात काळजी असते, तशी घराची सोयही असते. दोन्ही वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

आई-वडिलांची सेवा म्हणजे त्यांना पलंगावर बसवून चहा देणं, एवढंच आपण धरून चालतो. त्यांना काय हवं आहे हे विचारणं आणि ते त्यांच्या पद्धतीनं होऊ देणं, हीही सेवाच आहे. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद वारंवार येते. त्यात वयाची अट कुठं दिसत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी ओम्नी नसेल, कोकणही दूर असेल. पण एखाद्या संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि कुठं जायचं राहून गेलं ते विचारा. अम्मींचं उत्तर आम्हाला मिळालं आहे. येत्या हिवाळ्यात, इन्शाअल्लाह, त्यांना मालवणला जायचं आहे. गादी मात्र थोडी जाड हवी, म्हणाल्या.